हरणांसाठी टायमरवाला मक्याचा फीडर: यंत्र चांगलं, पण घेऊ नका

यंत्र म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. बॅकयार्डमध्ये हरणांना खायला घालण्याची सोय म्हणून एकही नाही. या फीडरवर ऑनलाइन भरपूर अभिप्राय सापडतात. मोटर किती टिकते, झाकणातून पाणी जातं का, रॅकून (इथला मांजराएवढा निशाचर प्राणी) वर चढतात का, हे सगळं त्यात असतं. तो मका हरणाच्या पोटात गेल्यावर पुढे काय होतं, ते मात्र कुणी लिहीत नाही. माझी सगळी नोकरी रवंथ करणाऱ्या जनावरांची पोटं तपासण्यात गेली, म्हणून हा अभिप्राय जरा लांब होणार आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम करून निवृत्त झाले. आता वर्षातला बराच काळ लेकीकडे असते, पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. घरामागे हिरवळ, तिच्या टोकाला ओढा, ओढ्याच्या काठाने ओक आणि मेपलची झाडी. त्या झाडीतून संध्याकाळी हरणं बाहेर येतात. पांढऱ्या शेपटीची ही हरणं 1959 पासून पेनसिल्व्हेनियाचा राज्यप्राणी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीने ती इथून जवळजवळ संपली होती आणि 1906 साली मिशिगनहून हरणं आणून इथल्या जंगलात सोडावी लागली होती. आज ती रस्त्याकडेच्या गवतात उभी दिसतात. नातीला ती जवळून बघायची होती, म्हणून जावयांनी हा फीडर मागवला. मी आले तेव्हा तो उभा करायचं चाललं होतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतले सगळे फीडर थोड्याफार फरकाने सारखेच आहेत आणि माझा मुद्दा एका कंपनीपुरता नाही.

आधी यंत्राबद्दल. तीन पायांवर उभा प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात सुमारे 200 पौंड मका मावतो. खाली नरसाळं, नरसाळ्याखाली फिरणारी चकती, तिला छोटी मोटर, सहा व्होल्टची बॅटरी आणि ती चार्ज करायला तळहाताएवढं सोलर पॅनेल. टायमरवर दिवसातल्या वेळा आणि चकती किती सेकंद फिरायची ते ठरवता येतं. वेळ झाली की चकती घर्रकन फिरते आणि दाणे चहूबाजूंना उडतात. जोडणी सोपी आहे. बोल्ट नीट बसतात, सूचनांतली चित्रं स्पष्ट आहेत. टायमर अचूक चालतो. फक्त नोव्हेंबरमध्ये घड्याळं एक तास मागे गेली की तो हाताने बदलावा लागतो. पाय पक्के आहेत, वाऱ्यात डबा हलला नाही. साडेतीन गुण या सगळ्याचे.

दीड गुण कापला तो झाकण आणि नरसाळ्यासाठी. झाकणाची कड नीट बसत नाही. पावसाची तिरकी झड आली की पाणी आत जातं आणि तळाचा मका गोळा होऊन चिकटतो. वरून पाहिलं तर सगळं कोरडं आणि सोनेरी दिसतं. खाली हात घातला की उबदार, ओलसर, आंबूस वास. हे छोटं गाऱ्हाणं नाही. बुरशी आलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृत खराब करतं, आणि हरणांइतकेच किंवा त्याहून जास्त धोक्यात असतात ते सांडलेले दाणे टिपायला येणारे पक्षी. रानटर्की तर या विषाला फार लवकर बळी पडते. कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, बुरशीचा मका खुराड्यात टाकणार नाही. इथे तो डब्यातून आपोआप वाटला जातो आणि वाटणारा घरात असतो. रॅकूनसाठी चकतीभोवती लावायची जाळी वेगळी विकत घ्यावी लागते. तिच्याशिवाय रॅकून पाय धरून वर जातात आणि चकती हाताने फिरवून दाणे पाडतात. जाळीने ते थांबतात, खारी थांबत नाहीत.

आता हरणांकडे. पहिल्यांदा आल्या खारी आणि ब्लू जे पक्षी, मग एक मादी आणि तिची दोन पाडसं. मोटरचा आवाज त्यांनी किती झटकन ओळखावा! सुरुवातीला त्या घर्रकन आवाजाने तिघंही झाडीत पळायची. थोड्याच दिवसांत तोच आवाज ऐकून झाडीतून बाहेर यायला लागली, आणि त्यांच्या मागून इतर. हरीण जिथे खातं तिथे तासन् तास थांबत नाही. चालता चालता इथली डहाळी, तिथली कळी, खाली पडलेली ओकची फळं असं खातं आणि पुढे जातं. फीडरने हे चालणं बंद केलं. डझनभर जनावरं एका खोलीएवढ्या जागेत नाक खाली घालून उभी राहायला लागली.

आणि तिथे लहानांना काय मिळतं ते नीट बघा. मोठ्या माद्या कान मागे पाडतात, पुढचा पाय उचलतात आणि पाडसाला सरळ हाणतात. पाडसं कडेला उभी राहून मोठ्यांचं आटपायची वाट बघतात, तोवर दाणे संपलेले असतात. थंडीत आधी मरतात ती हीच, कारण त्यांच्या अंगावर चरबी कमी. ज्यांना मदत व्हावी म्हणून माणसं फीडर लावतात त्यांच्यापर्यंत तो मका पोचत नाही. बलदंड मादी मात्र आणखी बलदंड होते.

माझं लक्ष जास्त होतं ते लेंड्यांकडे. हरणाची लेंडी सुटी, गोल, घट्ट असते. फीडरभोवती मऊ, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या दिसायला लागल्या आणि काही ठिकाणी नुसता पातळ पो. कोवळ्या हिरव्या पाल्यानेही लेंडी मऊ होते हे खरं, पण पानगळीच्या अखेरीस कोवळा पाला कुठून येणार? ओढ्यापलीकडच्या लेंड्या घट्ट आणि सुट्या होत्या. मी लेकीला दोन्ही जागा नेऊन दाखवल्या.

कारण सांगते. गाय, म्हैस, शेळी, हरीण, सगळ्यांचं पोट चार कप्प्यांचं. त्यातला सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे जनावर स्वतः पचन करत नाही, तिथले जिवाणू करतात. जनावर जे खातं त्याप्रमाणे हे जिवाणू बदलतात, आणि बदलायला दोन ते चार आठवडे लागतात. थंडीतल्या हरणाच्या कोटीपोटात काड्या, साली आणि कळ्या पचवणारे जिवाणू असतात. त्यावर अचानक मका पडला की पिष्ट खाणारे जिवाणू भराभर वाढतात, लॅक्टिक आम्ल साचतं, पोटाचा पीएच घसरतो. आधीचे उपयोगी जिवाणू मरतात, पोटाचं अस्तर भाजतं, शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं. मोठ्या मात्रेत हे झालं तर हरीण एक ते तीन दिवसांत मरतं, आणि मेल्यावर पोट मक्याने भरलेलं सापडतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. सुगीत दावं सुटलेली गाय रात्री खळ्यात शिरली, ज्वारीच्या नाहीतर मक्याच्या राशीत तोंड घातलं, की पहाटे माणूस दवाखान्याच्या दारात. गाय उभी राहत नाही, डोळे खोल गेलेले, पोट गच्च, आंबट वासाची हगवण. मी अशा गायींना खाण्याचा सोडा पाजला आहे, शिरेतून सलाइन चढवलं आहे, काहींचं पोट उघडून धान्य हाताने काढलं आहे. काही वाचल्या, काही नाही. त्या गायीला दावं होतं, मालक होता, डॉक्टर होता. ओढ्याकाठी बसून राहिलेल्या हरणाला यातलं काहीच मिळत नाही. जवळ जायला लागलात तर ते उरलेल्या ताकदीने पळतं आणि त्यातच संपतं.

फीडरच्या खोक्यावर बर्फात उभ्या हरणाचं चित्र आहे आणि हिवाळ्यात मदत करा असा सल्ला आहे. हिवाळ्यात हरीण उपाशी असतं हे आपल्याला वाटतं, कारण आपण त्याच्या जागी स्वतःला ठेवतो. हरीण शरद ऋतूत चरबी साठवतं, जाड कोट चढवतं. त्या कोटाचे वरचे केस पोकळ असतात आणि त्यात हवा धरून राहते. थंडीत ते हालचाल कमी करतं, खाणंही कमी करतं. बंदिस्त ठेवून समोर भरपूर खाद्य ठेवलं तरी हिवाळ्यात ते कमीच खातं. वजन घटतं, पाचवा हिस्सासुद्धा घटू शकतं, आणि वसंतात भरून येतं. ही त्याच्या शरीराची आखणी आहे. फीडरकडे रोज चालत येण्यात ते ती जपून ठेवलेली चरबी जाळतं.

हे एका जनावराचं झालं. कळपाचं याहून गंभीर आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी, हा हरणांना खंगवून मारणारा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला. गायींतला मॅड काऊ आणि मेंढ्यांतला स्क्रेपी याच घराण्यातले. जिवाणू नाही, विषाणू नाही, प्रायॉन नावाचं चुकीच्या घडीचं प्रथिन. ते मेंदूत पसरत जातं आणि मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. लस नाही, औषध नाही, एकही हरीण यातून बरं होत नाही. लागण झाल्यावर दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ ते अगदी धडधाकट दिसतं, आणि त्या काळातही लाळेतून, मुतातून, लेंडीतून प्रायॉन बाहेर टाकत असतं. मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. शिजवून नष्ट होत नाही, नेहमीच्या जंतुनाशकांनीही नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो.

आता पुन्हा तो फीडर डोळ्यांसमोर आणा. डझनभर तोंडं, एकच मातीचा तुकडा, त्यावर लाळ, लेंड्या आणि त्यांतूनच टिपलेले दाणे, रोज, त्याच वेळी. रोग पसरवायला याहून सोयीची मांडणी मला सुचत नाही. जंगलातही हरणं एकमेकांना चाटतात, नाकं लावतात, पण ते बहुतेक एकाच कुटुंबात. फीडरवर चार-पाच कुटुंबं एकाच ताटात जेवतात.

पेनसिल्व्हेनियात हा रोग 2012 मध्ये सापडला. तेव्हापासून इथला गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, रोगाच्या भागांना डिसीज मॅनेजमेंट एरिया म्हणून जाहीर करतो, आणि त्या भागांत रानातल्या हरणांना खायला घालणं बेकायदा आहे. सीमा बदलत राहतात, तेव्हा दरवर्षी नकाशा बघावा. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर संपूर्ण राज्यभर बंदी आहे. मिशिगनच्या लोअर पेनिन्सुलात, म्हणजे त्या राज्याच्या दक्षिणेकडच्या भागात, 2019 पासून बंदी आहे. व्हर्जिनियात 1 सप्टेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या शनिवारपर्यंत खाऊ घालता येत नाही आणि रोग असलेल्या काही काउंट्यांत वर्षभर बंदी आहे. अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांना हे माहीत नसतं, कारण फीडर आणि मक्याची पोती दुकानात उघड विकायला असतात. विकायला असलं म्हणजे लावायला परवानगी आहे असं नाही. राज्याचा नियम, टाउनशिपचा म्हणजे स्थानिक पालिकेचा नियम आणि एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर तिचा नियम, तिन्ही वेगवेगळे असू शकतात.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. फक्त मक्यावर हरीण राहत नाही. त्याला रवंथ करायला तंतुमय पाला लागतोच, आणि तो ते जवळच शोधतं. आमच्या शेजारच्या आजींची होस्टाची शोभेची झाडं देठापर्यंत गेली, आर्बरव्हिटेचं कुंपण हरणाचं तोंड पोचेल तिथवर बोडकं झालं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते पान कापत नाही, ओढून फाडतं. फाटकी कड दिसली की खाणारं हरीण, स्वच्छ कापलेली दिसली की ससा, हे त्यांनीच मला दाखवलं. त्यांचं कुंपण आमच्या मक्यामुळे गेलं, तरी त्या शांतपणे बोलल्या, याचं मला मनापासून वाईट वाटलं. शिवाय हरणं आमच्याकडे यायला समोरचा रस्ता ओलांडायला लागली. नोव्हेंबर हा नर माद्यांमागे धावण्याचा महिना, आणि गाड्यांना हरणं धडकण्याचं प्रमाण वर्षात याच सुमारास सगळ्यात जास्त असतं. अंधार पडता पडता, ऑफिसातून गाड्या परतायच्या वेळी, टायमरने हरणांना बोलावणं म्हणजे त्यांना आणि गाडीतल्या माणसांनाही धोक्यात घालणं आहे.

गोचिडांबद्दल थोडं. लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचं मोठं हक्काचं जनावर म्हणजे हरीण. प्रौढ गोचीड त्याच्या अंगावर पोट भरते आणि मग अंडी घालायला गवतात गळून पडते. लाइमचा जिवाणू मात्र गोचिडीच्या पिल्लांना मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून. सांडलेला मका रात्री कोण खातं? हेच उंदीर. म्हणजे फीडरपाशी हरीण, उंदीर आणि गोचीड तिघंही एकत्र येतात आणि तिथून चार पावलांवर मुलांचा झोपाळा असतो. नातीला खेळून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे तपासायची सवय आम्ही लावली आहे. फीडर असो नसो, इथे राहणाऱ्या प्रत्येकाने ती लावावी.

मग मुलांना हरणं दाखवायचीच नाहीत का? दाखवायची, आणि त्यासाठी मी दुसऱ्या वस्तूला पाचपैकी पाच देते. ती म्हणजे ट्रेल कॅमेरा. फीडरच्या किमतीपेक्षा कमीत चांगला मिळतो. झाडाला पट्ट्याने बांधायचा, कंबरेच्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून म्हणजे सूर्य लेन्समध्ये येत नाही. हालचाल झाली की तो स्वतः सुरू होतो, रात्री इन्फ्रारेडने टिपतो. आम्ही तो ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर लावला. नातीने त्यात पाहिलं ते फीडरवर कधीच दिसलं नसतं: मादी पाडसाचे कान चाटते आहे, नर फांदीला कपाळ घासून वास ठेवतो आहे, रात्री कोल्हा त्याच वाटेने जातो आहे. तिने वहीत कोणत्या वेळी कोण आलं याची नोंद सुरू केली. त्या नोंदीतून हरणं पहाटे आणि सांजेला फिरतात हे तिने स्वतःहून ओळखलं. मला विचारायला आली की, आजी, ती दुपारी कुठे जातात. दुपारी ती झाडीत बसून रवंथ करतात, हे सांगताना मला दवाखान्यातले दिवस आठवले.

हिरवळीचा मागचा पट्टा आम्ही आता कापत नाही. ओकची फळं झाडून कचऱ्यात टाकत नाही. शरदात हरणांचं मुख्य खाणं तेच, आणि ते झाडाखाली पसरलेलं असतं, एका जागी ढीग नसतो. पुढच्या वसंतात तिथे इथल्याच जातीची डॉगवूडची झुडपं लावणार आहोत. हरणं ती खुडतील. खुडू देत. लहान रोपाला पहिली काही वर्षं जाळीची नळी घालावी लागते, नाहीतर ते वर येतच नाही.

ज्यांच्याकडे फीडर आधीच चालू आहे त्यांना एकच विनंती: भर थंडीत तो एका दिवसात बंद करू नका. आमच्या जावयांनी टायमरचे सेकंद दर दोन-तीन दिवसांनी कमी केले, मग दिवसातली एक वेळ काढली, मग दुसरी. हरणांची पोटं सावकाश पाल्याकाड्यांवर परत आली आणि गर्दी आपोआप विरळ झाली. तुमचा भाग बंदीचा असेल तर मात्र थांबायला वेळ नाही, तो आजच बंद करा. डब्यातला उरलेला मका झाडीत ओतू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. फीडरखालची जागा हातमोजे घालून झाडा, सांडलेले दाणे आणि लेंड्या उचला. आणि एखादं हरीण मान खाली टाकून, लाळ गाळत, अडखळत फिरताना दिसलं, किंवा माणसाला बघून पळत नसेल, तर जवळ जाऊ नका आणि त्याला खायला देऊ नका. पेनसिल्व्हेनियात असाल तर गेम कमिशनला, इतर राज्यांत तिथल्या वन्यजीव खात्याला फोन करा, जागा नीट सांगा, आणि ते येईपर्यंत कुत्रं घरात ठेवा.